न पुसता बसवा

गीतांजली होलेबद्दल लिहायला बसले की आधी योगेश सरांना दोन शिव्या घालाव्याशा वाटतात. त्या घातल्याशिवाय माझा हात मोकळा होत नाही. मी काही थोर मनाची बाई नाही आणि तसा आवही आणत नाही.

अकोल्यात जठारपेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, लेस, रिबिनी, बटणं, सगळं मिळतं. वरच्या खोलीत गीतांजली मराठी टायपिंगचा क्लास चालवते. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या पोरी तिच्याकडे येतात. मी खाली गल्ल्यावर बसलेली असते तेव्हा वरून पत्र्यावर तूर सांडल्यासारखा कीबोर्डांचा आवाज येत राहतो. बाई दिसायला किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. पण एकदा मनात धरलं की सोडत नाही. एवढा डूख धरणारी दुसरी बाई माझ्या ओळखीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच ती मला आवडते.

ती मूळची नांदगाव पेठेजवळची. वडील देवीदास होले फुलं आणि भाजी करायचे. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेनं पालक आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. रोज सकाळी अमरावतीच्या बाजारात माल विकायचा आणि टोपल्या रिकाम्या झाल्या की गावाकडच्या ऑटोची वाट बघायची. गीतांजली तेव्हा अमरावतीतच योगेश सरांच्या टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायला होती. त्यामुळे देवीदासभाऊ वाट बघत बसायचे ते क्लासच्या ऑफिसात, लेकीच्या टेबलाशेजारी.

योगेश सर आमच्याच मातीतले, दर्यापूरकडचे. पण थोडी वर्षं पुण्यात काढून आले आणि येताना तिकडून ‘अगं’, ‘बरं का’ आणि बोलण्याआधीचा एक नाजूक खोकला घेऊन आले. ‘मले’ म्हणणाऱ्या माणसाकडे ते अशा नजरेनं बघायचे की समोरच्याला आपल्या पायातल्या चपला कुठे लपवू असं व्हावं. ही नजर मला चांगली ठाऊक आहे. माझी जाऊ पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी ‘मले तीळगूळ द्या’ म्हणाले, तर तिनं सगळ्या बायकांना बोलावून मला ते पुन्हा म्हणायला लावलं होतं. मी म्हटलंही, येड्यासारखं. तो दिवस आठवला की अजून माझे कान तापतात.

तर टायपिंगला उतारे लागतात. पडद्यावर उतारा येतो आणि पोरं तो बघून बडवतात. पुस्तकातले उतारे म्हणजे ‘वेळेचे महत्त्व’ आणि ‘शिस्त’. पोरं कंटाळायची. गीतांजलीनं एक दिवस सहज वडलांचं बोलणं टाइप करून बघितलं. देवीदासभाऊ ऑटोची वाट बघत बोलत असायचे. झेंडूचं रोप कधी उपटून लावायचं, शेवंतीला मावा पडला तर काय करायचं, कौंडण्यपूरच्या यात्रेला फुलं नेताना बैल कसा नदीत बसला आणि झेंडू कसा वाहून गेला. ते बोलायचे आणि ती थेट ऑफिसच्या मशीनवर उतरवायची. मध्ये कागद नाही, पेन नाही. त्यात हव्या त्या अक्षराचा सराव बसवायला तिला चांगलं जमायचं. ज्याचा ‘ळ’ पक्का होत नसेल त्यानं बैलाचा उतारा करावा. पोरांना ते इतके आवडले की दुसऱ्या क्लासची पोरं फी भरून इकडे यायला लागली.

हे उतारे बाहेर जाऊ नयेत म्हणून योगेश सरांनी पक्का बंदोबस्त केला. उतारे फक्त ऑफिसच्या मशीनवर ठेवलेले, वर्गातल्या पडद्यांवर ते वायरीतून तिथूनच यायचे. आत येताना मोबाईल टोपलीत टाकायचा. पेन ड्राइव्हला तर दारातच मनाई. सर व्हायरसचं कारण सांगायचे, पण वर्गातल्या सगळ्या मशीनची पेन ड्राइव्ह लावायची भोकं त्यांनी एम-सीलनं बुजवून टाकली होती. कीबोर्ड आणि माऊस जुने, गोल पिनेचे, त्यामुळे त्यांचं अडलं नाही. भोकं उघडी राहिली ती एकट्या ऑफिसच्या मशीनची, कारण त्यावर सर स्वतः बसायचे.

मग तो दिवस आला. एका पालकाचा फोन आला होता, परीक्षेची तारीख विचारायला. गीतांजलीनं उचलला आणि म्हणाली, ‘‘थांबा जी, सराले पुसून सांगते.’’

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना इथे सांगायला हवं. आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं. फरशी पुसायची असते आणि माणसालाही पुसायचं असतं. त्यात कोणाचा गोंधळ होत नाही, कारण फरशी उत्तर देत नाही.

योगेश सर मागेच उभे होते. नाजूक खोकले. भरल्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘पुसतात फरशी, गीतांजली. माणसांना विचारतात. आणि तुला पुसायचीच हौस असेल तर तसं सांग, मी तुला फडकं आणून देतो.’’

वर्ग हसला. देवीदासभाऊ त्या दिवशी तिथेच, ऑफिसात बसलेले होते. त्यांनी मान खाली घातली, रिकामी टोपली उचलली आणि ऑटो यायच्या आधीच रस्त्यावर जाऊन उभे राहिले. गीतांजलीला वर्गाच्या हसण्याचं तेवढं काही वाटलं नाही. बाबांनी मान खाली घातली ते तिच्या आत रुतून बसलं.

त्यानंतर पोरं तिला पाठीमागे ‘फरशी मॅडम’ म्हणायला लागली आणि सरांनी म्हणू दिलं. पुढे शुद्ध बोलणारी एक नवी बाई आली आणि गीतांजलीला ‘आता तुझी गरज नाही गं’ असं गोड आवाजात सांगण्यात आलं. ती आपले उतारे घ्यायला ऑफिसच्या मशीनवर बसली तर आत शिरायचं तिचं नाव आणि पासवर्ड काढून टाकलेला होता. वर्गातल्या पडद्यांवर उताऱ्यांच्या खाली नवी ओळ आली होती, ‘रचना : योगेश सर’.

त्याच वर्षी देवीदासभाऊ गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. त्यांचा एखादा फोटो आहे, पण त्यांचं बोलणं कुठेच नव्हतं, एका त्या मशीनशिवाय. तेराव्यानंतर गीतांजली सरांकडे गेली. तिनं नोकरी मागितली नाही की नाव मागितलं नाही. म्हणाली, ‘‘बाबाचे उतारे तेवढे द्या.’’

सर म्हणाले, ‘‘विचारून सांगतो.’’

कोणाला विचारणार होता हा माणूस? क्लास त्याचा, मशीन त्याचं, कुलूप त्याचं. ती वाट बघत राहिली. फोन काही आला नाही.

मग ती अकोल्याला मावशीकडे आली आणि ताजनापेठेत अय्युबभाईंच्या दुकानात कामाला लागली. अय्युबभाई बँकांनी, शाळांनी मोडीत काढलेले कॉम्प्युटर वजनावर घेतात. कोणता चालेल आणि कोणता सुट्या भागांसाठी फोडायचा ते निवडायचं काम तिच्याकडे होतं. अय्युबभाई पहिल्या दिवशी एक उघडा डबा तिच्यापुढे सरकवून म्हणाले, ‘‘याच्या पोटात हार्डडिस्क नाई बेटा. पार रिकामा हाय. आता पाय गंमत.’’ त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, मशीन चालू करताना एफ-बारा दाबलं, आणि थोड्या वेळानं पडदा उजळला. जुन्या मशीनला झेपेल अशी एक हलकी, फुकटात मिळणारी सिस्टीम त्या पेन ड्राइव्हमध्ये होती. ती सगळीच्या सगळी मशीनच्या तात्पुरत्या स्मरणात जाऊन बसत होती आणि तिथूनच चालत होती. डिस्कला हातही लावत नव्हती.

‘‘अन् बंद केल्यावर?’’ गीतांजलीनं विचारलं.

‘‘बंद केला की सारं इसरते. कोन आलं, कोन गेलं, काई याद नाई.’’

‘‘अन् आपण लिवलेलं?’’

‘‘ते पेन ड्राइव्हमंदी. ज्याचं त्याच्या खिशात.’’

ज्याचं त्याच्या खिशात. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच राहिला, असं तिनं मला सांगितलं. ज्या गोष्टीला त्या क्लासच्या दारात मनाई होती, तीच हातात घ्यायची असं तिनं तिथेच ठरवलं. अय्युबभाईंकडून ती पेन ड्राइव्हवर सिस्टीम चढवायला शिकली, मग त्यांच्या पुढे गेली, तिला हवे तसे फेरफार करायला लागली. नंतर माझ्याकडे येऊन वरची खोली मागितली. मी म्हटलं, ‘‘भाडं नंतर ठरवू, आधी तुझी सगळी हकीकत सांग.’’ ती सांगत गेली आणि माझी चहाची कपबशी हातात तशीच राहिली. शेवटी मीच योगेश सरांना पहिली शिवी घातली.

तिचा क्लास बघायला या कधी. भिंतीला लागून अय्युबभाईंची जुनी मशीनं आहेत आणि एकाच्याही पोटात हार्डडिस्क नाही. प्रत्येक पोरीचा स्वतःचा पेन ड्राइव्ह, माझ्या दुकानातल्या रिबिनीत ओवलेला. पोरगी येते, पेन ड्राइव्ह लावते, तिचा पडदा, तिचे उतारे, तिचा वेग, सगळं समोर येतं. उठताना काढते आणि गळ्यात घालते. मागे राहतो तो नुसता डबा. नव्या पोरीला गीतांजली एवढंच सांगते, ‘‘तुह्यं लिवलेलं तुह्या गळ्यात. माह्याजवळ काई ठिवू नको. मीबी उद्या बदलीन.’’

शिकून गेलेल्या काही पोरी घरासाठी अय्युबभाईंकडून हार्डडिस्क असलेलं मशीन घेतात. त्यावर हीच सिस्टीम कायमची बसवून द्यायची तर त्यासाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह होता, पिवळ्या रिबिनीचा, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला. तो लावला की पडद्यावर तीन मोठी बटणं येतात. पहिलं ‘चालवून पाहा’. त्यात मशीनच्या डिस्कला धक्का लागत नाही. दुसरं ‘पुसून बसवा’. ते पायरी पायरीला विचारतं, कोणत्या डिस्कवर बसवू, नाव काय देऊ, जुनं ठेवू की घालवू. तिसरं ‘न पुसता बसवा’. ते काहीएक न विचारता डिस्कवरचं होतं नव्हतं ते घालवून नवं बसवून मोकळं होतं. कोरं करायच्या मशीनला तेच सोयीचं.

मी म्हटलं होतं, ‘‘अगं, ‘विचारून’ लिही की सरळ. गोंधळ होईल.’’

‘‘कोनाचा होईन काकू? माह्या एका तरी पोरीचा झाला काय?’’ ती म्हणाली. ‘‘त्यानं ज्या शब्दावर बाबाची मान खाली घालवली, तो शब्द माह्या मशीनवर राहीन. कायमचा.’’

नवे उतारे तिनं लिहिले. पोरींच्या गप्पांतून, अय्युबभाईंच्या दुकानातल्या भानगडींवरून, एक तर माझ्यावरही आहे. पण वडलांचे तिला पुन्हा लिहिता येईनात. आठवून बसायची, दोन ओळी त्यांच्या यायच्या आणि तिसरीत तिचेच शब्द घुसायचे. मग पुसून टाकायची. इथे पुण्याच्या अर्थानं पुसून.

गेल्या दिवाळीनंतर योगेश सर अकोल्यात उगवले. हातात संत्रा बर्फीचा डबा. त्यांच्या वर्गातल्या मशीनवरच्या जुन्या विंडोजचे दिवस भरले होते, नवी त्या मशीनवर चढत नव्हती, आणि सगळी मशीनं नवी घ्यायची म्हणजे सरांच्या जिवावर येत होतं. अकोल्यात गीतांजली भंगारातल्या डब्यांवर वारा प्यायल्यासारखा क्लास चालवते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मला म्हणाले, ‘‘नमस्कार ताई, गीतांजली इथेच असते ना? काय छान रंगसंगती ठेवलीय हो दुकानात!’’ तिथेच मी त्यांचा रंग ओळखला. धुतल्यावर जाणारा.

वर गेले. मी चहाच्या निमित्तानं मागोमाग. सर एका मशीनपुढे बसून बघत होते. ‘‘अगं, किती फास्ट आहे गं हे! कमाल केलीस.’’ गीतांजलीनं सगळं दाखवलं, काही लपवलं नाही. फक्त शेवटी म्हणाली, ‘‘सर, बाबाचे उतारे?’’

सर खोकले. ‘‘हो हो, आहे माझ्या लक्षात. विचारून सांगतो.’’

ती पाणी आणायला आत वळली. मी कपबश्यांचा ट्रे घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर होते, तिथून मला स्वच्छ दिसलं. सरांचा हात खिळ्याकडे गेला आणि पिवळी रिबीन त्यांच्या खिशात गेली. मला बघून ते हसले, चहा छान झालाय म्हणाले. तो अजून ट्रेमध्येच होता.

ते गेल्यावर मी ओरडले, ‘‘अगं, चोर आहे तो! पेन ड्राइव्ह नेला तुझा!’’

‘‘पायलं म्या,’’ गीतांजली म्हणाली.

‘‘आणि गप्प बसलीस?’’

‘‘मागितला असता तं दिला असता. सांगतलंही असतं, कोणतं बटन दाबू नोका.’’

माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. वर्गातल्या मशीनची भोकं बुजवलेली, म्हणजे हा पेन ड्राइव्ह लागणार तो ऑफिसच्या मशीनला. आणि योगेश सर म्हणजे पुसणं हा शब्द फरशीलाच लागतो असं मानणारा माणूस. ‘पुसून बसवा’ वाचून घाबरणार आणि ‘न पुसता बसवा’ वाचून निश्चिंत होणार.

‘‘गीतांजली, सगळं जाईल त्याचं,’’ मी म्हटलं.

‘‘जाईन.’’

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्या पुण्याच्या जावेचंही मशीन कुठे असेल तर तिथेही एक पिवळी रिबीन पाठवावी असं वाटलं. पण लगेच दुसरी गोष्ट सुचली. ‘‘अगं, पण देवीदासभाऊंचे उतारे? तेही त्याच मशीनवर ना? फोन कर त्याला. आत्ता कर. तुझे बाबा जातील त्यात.’’

तिनं फोन हातात घेतला. नंबर काढला. मग फोन टेबलावर ठेवला. बोलली तेव्हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता.

‘‘काकू, रोज सकाळी तथी पोरं बाबाचं बोलनं बडवतात अन् खाली त्याचं नाव वाचतात. बाबाचा बैल त्याचा झाला. बाबाचा झेंडू त्याचा झाला. ज्यानं बाबाले मान खाली घालाले लावली, त्याच्या तोंडी बाबा राहण्यापरीस नसलेला बरा.’’ तिनं ओढणीनं डोळे टिपले. ‘‘अजूनबी त्यानं फोन करून पुसलं, का बाई, हे कसं बसवू, तं मी सांगीन. बाबाची शपथ. पण त्यानं पुसलं पायजे.’’

आणि तिनं ते पाळलं. त्यानंतर ती फोन उशाशी काय, वर्गातही हातातून सोडायची नाही. वाजला की आधी नाव बघायची. कधी मावशी, कधी अय्युबभाई, कधी कोणा पोरीची आई. माझा जीव टांगणीला लागला होता. मला कळेना, मी फोन यावा म्हणून देव पाण्यात ठेवू की येऊ नये म्हणून.

फोन आला नाही. माणूस स्वतःच आला.

दुपारची बॅच भरात होती. ऑटोतून उतरले ते सर माझ्याकडे न बघता थेट जिन्यावर. शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले, आणि नाजूक खोकला कुठल्या कुठे गेलेला. मी गल्ला उघडा टाकून मागे पळाले. वर पोचले तर सर वर्गाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते, आणि ऐकते तर काय, माणूस अस्सल वऱ्हाडीत ओरडत होता.

‘‘तुनं लिवलं व्हतं न पुसता! न पुसता म्हंजे पुसाचं नाई! म्या वाचून दाबलं! सारं गेलं माह्यं! पोराइचे फॉर्म, हजेऱ्या, उतारे, डी-ड्राइव्हमंदी ठिवलं व्हतं तेबी गेलं! मले कावून नाई सांगतलं?’’

सगळी हकीकत त्यांनीच अशी ओरडून सांगितली. आधी त्यांनी ‘चालवून पाहा’ केलं. मस्त चाललं. बंद केलं तर जुनं सगळं जागच्या जागी. मग हिंमत वाढली. पेन ड्राइव्ह गुपचूप परत आणून टांगायचा होता, म्हणून सिस्टीम कायमची बसवून घ्यायला बसले. ‘पुसून बसवा’ला अर्थातच हात लावला नाही. सरांचा बॅकअप म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा भाग, डी-ड्राइव्ह. तिथे ठेवलं की ब्रह्मदेवही हलवू शकत नाही, अशी पुष्कळ लोकांची समजूत असते. पडद्यावर सगळं नवं कोरं आलं तेव्हा त्यांना वाटलं काहीतरी राहिलं असेल, म्हणून तेच बटण पुन्हा दाबलं. त्यानंतर जाणत्यांना दाखवलं, त्यांनी हात टेकले.

पोरींचे हात थांबले होते. गीतांजली उठली. पदर नाही, ओढणी नीट केली आणि अशा शुद्ध, स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलली की माझ्या जावेनं ऐकावं.

‘‘सर, पुसतात फरशी. माणसांना विचारतात. तुम्हीच शिकवलंत. पण माझ्या मशीनवर न पुसता म्हणजे न विचारता. तुम्हीही हा पेन ड्राइव्ह न विचारताच नेलात ना?’’

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी खिशातून पिवळी रिबीन काढून टेबलावर टाकली. तोंड काळंठिक्कर पडलं होतं. मग जाता जाता नख मारावं तसं म्हणाले, ‘‘तुह्या बापाचे उतारेबी गेले त्यात. समजलं काय?’’

‘‘माहीत होतं,’’ गीतांजली म्हणाली.

ते ऐकून सर एकदम ढिले पडले. परीक्षा तोंडावर आली होती. क्लासचं सगळं नाव त्या उताऱ्यांवर होतं, आणि पोरं आता ‘वेळेचे महत्त्व’ बडवत होती, दुसरीकडे जायची भाषा करत होती. आवाज खाली आला.

‘‘तुह्याजवळ नवे उतारे हायत. ते दे. खाली तुह्यं नाव टाकतो. मोठ्या अक्षरात टाकतो.’’

‘‘हे विचारताय की सांगताय?’’

‘‘इचारून राहिलो.’’

‘‘विचारू नका,’’ ती म्हणाली. ‘‘पुसा.’’

सरांनी पोरींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मुळीच नजर खाली घेतली नाही. एवढ्या वर्षांची वसुली समोर चालली होती आणि एक अक्षरही मला चुकवायचं नव्हतं.

‘‘पुसतो,’’ सर म्हणाले. ‘‘पुसतो तुले, गीतांजली. देतं काय?’’

गीतांजलीनं टेबलावरचा पेन ड्राइव्ह उचलला, रिबिनीला पडलेल्या गाठी सोडवल्या आणि दाराजवळच्या खिळ्याला पुन्हा टांगला. मग वळली. आता ती तिच्या बोलीत बोलली.

‘‘थांबा जी. पुसून सांगते.’’

‘‘कोनाले पुसतं?’’

‘‘बाबाले.’’

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. पोरींनी पुन्हा टायपिंग सुरू केलं. सर कितीतरी वेळ दारात उभे होते.